वाक्यातले कर्म, जीवनातले कर्म

फरीदाबादमध्ये वाढणाऱ्या मुलांचे मराठी कानाला लगेच ओळखू येते. शाळेत इंग्रजी, खेळताना हिंदी आणि घरी आल्यावर मराठी. एका रविवारी जेवताना माझी दहा वर्षांची मुलगी म्हणाली, “आजी, मीने सगळी भाजी खाल्ली.” हिंदीतल्या ‘मैंने’चा हा ‘मीने’. आजी, म्हणजे माझी आई, निवृत्त शिक्षिका. ती हसून म्हणाली, “मीने नाही गं, नुसतं मी. मी भाजी खाल्ली.”

मुलगी ऐकायला तयार नव्हती. “बाबांनी खाल्ली, आईने खाल्ली, मग मीलाच ‘ने’ का नाही?”

“ते सांगते. आधी या वाक्यातलं कर्म कोणतं ते सांग.”

“कर्म म्हणजे ते ना, चांगलं केलं की चांगलं मिळतं?”

आम्ही सगळे हसलो. पण तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. आपण सत्संगात ‘कर्म’ हा शब्द किती वेळा उच्चारतो! आणि शाळेत मराठीच्या तासाला याच शब्दाचा किती वेगळा अर्थ शिकलो होतो. हे दोन अर्थ एकमेकांना काही सांगत असतील का? वाचकहो, आज याचाच थोडा विचार आपण मिळून करू या.

कर्म म्हणजे काय?

‘मुलगी धावते’ या वाक्यात धावण्याची क्रिया मुलीपाशीच संपते. ‘मुलगी भाजी खाते’ या वाक्यात मात्र क्रिया कर्त्यापासून निघून दुसऱ्या कशावर तरी जाते. ती जिथे पोहोचते ते कर्म. शाळेत आपण क्रियापदाला प्रश्न विचारून ते शोधत असू. खाणारी कोण? मुलगी, म्हणून ती कर्ता. खाल्ले जाणारे काय? भाजी, म्हणून ते कर्म.

सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी पाणिनीने ‘अष्टाध्यायी’मध्ये क्रियेशी जोडलेली सहा कारके सांगितली: कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान आणि अधिकरण. कर्त्याची त्याने दिलेली ओळख एका शब्दाची आहे: जो स्वतंत्र, तो कर्ता. आणि कर्म कोणते? कर्त्याला आपल्या क्रियेने जे सर्वांत अधिक मिळवायचे असते, ते. म्हणजे व्याकरणातले कर्म ही केवळ वाक्यातली एक जागा नाही. आपली इच्छा कुठे जाऊन टेकते, ते कर्म दाखवते.

पाणिनी तिथेच थांबत नाही. पुढच्याच सूत्रात तो म्हणतो की, जे कर्त्याला नको होते पण क्रियेशी तसेच जोडले गेले, तेही कर्मच. परंपरेतले उदाहरण साधे आहे. गावाला निघालेल्या माणसाचा पाय वाटेतल्या गवताला लागतो. त्याला गाव हवे होते, गवताशी त्याला काही देणेघेणे नव्हते. तरी गवताला स्पर्श झालाच, आणि व्याकरणाने त्याची नोंद घेतली.

आपल्या दिवसाकडे या नजरेने पाहा. आपल्याला वेळेवर कार्यालय गाठायचे होते; वाटेत रिक्षावाल्याशी आपण कसे बोललो? आपल्याला कार्यक्रम उत्तम पार पाडायचा होता. त्या धावपळीत चटया उचलणाऱ्या मुलाला काय ऐकावे लागले? आपण आपल्या ‘गावा’चा हिशोब ठेवतो आणि वाटेतले गवत विसरतो. ‘माझ्या मनात तसे नव्हते’ हे म्हणणे खरे असते. पण मनात नव्हते, म्हणून ते आपले कर्म नव्हते, असे होत नाही.

क्रियापद कोणाचे ऐकते?

आता मुलीच्या ‘मीने’कडे येऊ. त्या दिवशी आईने तिला कागदावर वाक्ये लिहून दिली. मी भाजी खाल्ली. मी भात खाल्ला. मी वरण खाल्ले. “बघ, खाणारी एकच, तू. मग खाल्ली, खाल्ला, खाल्ले असं कोणामुळे बदललं?”

मुलीने क्षणभर पाहिले आणि म्हणाली, “भाजीमुळे! भातामुळे!”

हाच कर्मणी प्रयोग. ‘मी भाजी खाते’ असे म्हणताना क्रियापद कर्त्याचे ऐकते. मुलगा असेल तर ‘खातो’. तो कर्तरी प्रयोग. पण ‘खाल्ली’ म्हणताच क्रियापद कर्त्याचा हात सोडते आणि कर्माच्या लिंग-वचनाप्रमाणे चालू लागते. इतर कर्त्यांना ‘ने’ किंवा ‘नी’ लागतो, त्यामुळे ते मागे सरकल्याचे दिसते. आईने, बाबांनी, मुलांनी. ‘मी’, ‘आम्ही’, ‘तू’, ‘तुम्ही’ यांना मात्र मराठीत तो प्रत्यय लागत नाही. म्हणून ‘मी’ पहिल्यासारखाच ताठ दिसतो. वाक्याच्या सुरुवातीला बसलेला असतो, आणि त्याला वाटते की क्रियापद अजून आपलेच ऐकते आहे. ते केव्हाच कर्माकडे गेलेले असते.

याचा नियमही लक्षात घेण्यासारखा आहे. ‘मी सेवा करतो’, ‘मी सेवा करीन’ इथे क्रियापद ‘मी’बरोबर आहे. काम चालू असताना किंवा करायचे असताना कर्ता पुढे असतो. ‘मी सेवा केली’, काम पूर्ण झाले, की क्रियापद सेवेकडे गेले. आणि कर्तव्य सांगायचे असेल तर? ‘मुलाने अभ्यास करावा, मुलाने सेवा करावी.’ तिथेही क्रियापद कर्त्याकडे पाहत नाही, कामाकडे पाहते. भाषेने हे काही अध्यात्म शिकवण्यासाठी केलेले नाही, हे खरे. पण रोज शंभर वेळा आपल्या तोंडून जे निघते, त्याकडे एकदा थांबून पाहायला काय हरकत आहे?

गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, वेगवेगळ्या चेष्टा आणि दैव. कर्ता हा त्या पाचांतला एक. असे असूनही जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही, असे तिथे पुढे म्हटले आहे. ‘मी केले’ या वाक्यातला ‘मी’ खोटा नाही. तो एकटा नाही, एवढेच.

‘ला’ कोणाला लागतो?

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. जातिभेद नाकारणाऱ्या परमहंस सभेच्या संस्थापकांमध्येही त्यांचे नाव आहे. भाषेच्या नियमांचा आणि माणसामाणसांतल्या व्यवहाराचा विचार एकाच मनात चालू शकतो, याचे ते चांगले उदाहरण.

आपण मराठीत म्हणतो, ‘मी माठ आणला’, पण ‘मी आईला आणले’. माठाला प्रत्यय लागत नाही, आईला ‘ला’ लागतो. ‘मी आई आणली’ असे कोणी म्हणत नाही. साधारणपणे निर्जीव कर्म प्रत्ययाशिवाय येते आणि ज्याला आपण व्यक्ती म्हणून ओळखतो त्याला ‘ला’ लागतो. पण पुढची वाक्ये ऐका. ‘दोन मजूर आणले.’ ‘कामाला बाई ठेवली.’ ‘मुलगी पाहिली.’ ‘सून आणली.’ ही सगळी माणसेच आहेत, मग ‘ला’ कुठे गेला?

व्याकरणाचे उत्तर सरळ आहे. इथे कोणी ठरावीक व्यक्ती अभिप्रेत नाही. कोणीतरी मजूर, कोणीतरी बाई. उत्तर बरोबर आहे, आणि आपल्याला अंतर्मुख करणारेही तेच आहे. ज्या माणसाची ओळख आपल्या लेखी नसते, तो वाक्यात माठासारखा येतो. ओळख झाली की ‘ला’ येतो. मजुराचे नाव विचारले की दुसऱ्या दिवशी आपण ‘मजूर बोलावला’ म्हणत नाही, त्याचे नाव घेऊन ‘त्याला बोलावले’ म्हणतो. वाक्य सुधारण्यासाठी व्याकरण नाही, ओळख लागते.

आई कर्म झाली तेव्हा

आता एक घरातली गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी आई न्हाणीघरात घसरून पडली. मांडीचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, आणि काही महिने ती अंथरुणावर होती. आम्ही तिचे सगळे मनापासून केले. गावी भावाला रोज फोन करून सांगत असे: आईला अंघोळ घातली, आईला जेवू घातले, आईला औषध दिले, आईला उन्हात बसवले. सांगताना मला समाधान वाटे. थोडा अभिमानही वाटे, हे कबूल केले पाहिजे.

ती बरी होत गेली, पण आमची वाक्ये बदलली नाहीत. ती स्वयंपाकघरात आली की आम्ही तिला खुर्चीवर बसवू. भाजी निवडायला घेतली की हातातून काढून घेऊ. “आई, तू आराम कर.” एका संध्याकाळी ती शांतपणे म्हणाली, “अरे, या घरात मी काही करते, असं एकही वाक्य उरलं नाही.”

ती मराठीची शिक्षिका होती, म्हणून तिला हे असे सुचले. पण किती घरांतली वृद्ध माणसे हेच अनुभवत असतील आणि शब्द न सापडल्याने गप्प राहत असतील! आमच्या प्रेमात खोट नव्हती. ‘आईला’ म्हणताना ‘ला’ही होता. तरी प्रत्येक वाक्यात कर्ते आम्ही होतो आणि ती कर्म होती. पाणिनीच्या शब्दांत सांगायचे, तर आम्ही तिचे सगळे केले आणि तिचे स्वातंत्र्य तेवढे काढून घेतले.

दुसऱ्या दिवशी मेथीची जुडी तिच्यापुढे ठेवली. पाऊण तास लागला. काही काड्या राहिल्या, त्या तशाच भाजीत गेल्या. त्या दिवशी फोनवर भावाला सांगितले, “आज आईने मेथी निवडली.” मग रविवारचा मराठीचा तास तिने आपणहून सुरू केला. ‘मीने’ची चूक तिला सापडली ती त्यानंतर.

या नगराची तीन वाक्ये

ज्या नगरात हे घडले, त्याच्या इतिहासातही हाच प्रश्न आहे. १९४७च्या फाळणीत वायव्य सरहद्द प्रांतातून हजारो हिंदू आणि शीख कुटुंबे उखडली गेली. त्यांतल्या अनेकांनी आधी कुरुक्षेत्राच्या छावणीत दिवस काढले. १९४९मध्ये त्यांच्यासाठी जुन्या फरीदाबादजवळ नवे औद्योगिक नगर वसवायचे ठरले. आज आपण ज्याला ‘एनआयटी’ म्हणतो, तो हा भाग. त्यासाठी फरीदाबाद विकास मंडळ नेमले गेले. डॉ. राजेंद्रप्रसाद त्याचे अध्यक्ष होते, आणि पंतप्रधान नेहरू स्वतः मंडळाच्या बैठकांना बसत.

घरे कोणी बांधायची? नेहमीची पद्धत सरकारी बांधकाम खात्याची आणि कंत्राटदारांची. निर्वासितांचे म्हणणे होते की, आमची घरे आम्ही बांधू. त्यांतले कित्येक जण दुकानदार आणि व्यापारी होते. त्यांनी कधी विटा वाहिल्या नव्हत्या, म्हणून त्यांच्याबद्दल शंका घेतली गेली. प्रशासक सुधीर घोष आणि कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियनचे कार्यकर्ते त्यांच्या बाजूने उभे राहिले. श्रमिकांच्या सहकारी संस्था निघाल्या, आणि निर्वासितांनी स्वतःच्या हातांनी हजारो घरे उभी केली. त्या कार्यकर्त्यांपैकी एक, लक्ष्मीचंद जैन यांनी पुढे १९९८मध्ये या प्रयोगावर पुस्तक लिहिले. सरहद्दीहून आलेल्या या माणसांनी इथल्या रुग्णालयाला बादशाह खान यांचे नाव दिले. घर सुटले, पण आपला माणूस कोण हे ठरवण्याचे स्वातंत्र्य त्यांनी सोडले नव्हते.

आता तीन वाक्ये शेजारी ठेवून पाहा.

सरकारने निर्वासितांना घरे बांधून दिली.

सरकारने निर्वासितांकडून घरे बांधून घेतली.

निर्वासितांनी घरे बांधली.

तिन्हींत घरे तीच, विटा त्याच. पहिल्या वाक्यात माणूस फक्त घेणारा आहे. दुसऱ्यात त्याचे हात आहेत, पण तो साधन झाला आहे. तिसऱ्यात तो कर्ता आहे. पुढे सरकारी खात्यांनी कारभार आपल्या हाती घेतला आणि सहकाराचा हा प्रयोग मावळत गेला. म्हणजे तिसरे वाक्य एकदा मिळाले की कायम राहते, असे नाही. ते जपावे लागते.

त्याच १९४९ साली, इथून दूर विदर्भात, बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले. तिथे कुष्ठरुग्णांनी विहिरी खोदल्या, शेती पिकवली. ज्यांना समाज केवळ दयेचा विषय समजत होता, ते तिथे काम करणारे झाले.

देणे म्हणजे काय?

मग कोणाला काही द्यायचेच नाही का? द्यायचे. पाणिनीने देण्यासाठी वेगळे कारक ठेवले आहे. ‘गरजूला घोंगडी दिली’ यात कर्म आहे घोंगडी. घेणारा हा कर्म नाही; तो संप्रदान. देणारा कर्माच्या द्वारे ज्याच्यापर्यंत जाऊ पाहतो, तो संप्रदान. किती सुंदर विचार आहे हा! घोंगडी हे पोहोचण्याचे साधन, पोहोचायचे माणसापर्यंत. घोंगड्यांची संख्या अहवालात येते, आपण माणसापर्यंत पोहोचलो की नाही हे त्यात येत नाही.

व्याकरणपरंपरा आणखी एक बारीक भेद करते. परटाला कपडे ‘देणे’ हे खरे देणे नव्हे, कारण कपड्यांवरचा आपला हक्क आपण सोडलेला नसतो. म्हणून तिथे परीट हा संप्रदान मानला जात नाही. स्वतःला विचारू या: आपण जे देतो, त्यातले किती परटाला दिलेल्या कपड्यांसारखे असते? कृतज्ञता परत यावी, नाव परत यावे, छायाचित्रात हसरा चेहरा यावा, अशी वाट पाहत असू, तर हक्क अजून सुटलेला नाही.

एक शंका

इथे तुम्ही विचाराल: संत तर कर्तेपण सोडायला सांगतात. मग तुम्ही माणसाला कर्ता करण्याचा आग्रह का धरता?

शंका योग्य आहे. पण कर्तेपण सोडायचे ते स्वतःचे. दुसऱ्याचे कर्तेपण सोडून देण्याचा अधिकार मला कोणी दिला? मी आईच्या हातून मेथी काढून घेतली, तेव्हा माझा अहंकार कमी झाला नाही, वाढलाच. ‘मी करतो’मधला ‘मी’ थोडा मागे सरकला, तर समोरच्याला पुढे यायला जागा होते. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत. एकीवाचून दुसरी होत नाही.

आणि कर्म होण्यातही कमीपणा नाही. तान्हे मूल, आजारी माणूस, थकलेला जीव यांना काही काळ दुसऱ्याच्या हाती राहावेच लागते. आपल्यालाही एक दिवस राहावे लागेल. सेवा करणे शिकतो, तसे सेवा घेणेही शिकावे लागते. आजही गुडघे फार दुखतात त्या दिवशी आई म्हणते, “आज मला उठव.” ती तसे सांगते, म्हणजे त्या वाक्यातही ती स्वतंत्र आहे.

तेव्हा वाचकहो, आठवडाभर एक छोटा अभ्यास करून पाहा. रात्री झोपण्यापूर्वी दिवसभरातल्या तीन कामांची तीन वाक्ये वहीत लिहा. प्रत्येक वाक्याला शाळेतलाच प्रश्न विचारा: कर्ता कोण, कर्म कोणते? मग आणखी दोन प्रश्न विचारा. मला गाठायचे नव्हते, पण वाटेत लागले, असे काय होते? आणि कर्माच्या जागी एखादा माणूस असेल, तर उद्या त्याला कर्ता करता येईल का?

आमच्या घरी हा अभ्यास चालू आहे. वहीतले व्याकरण आई तपासते. माझ्या वाक्यांत अजून ‘मी’ फार येतो, असे तिचे म्हणणे आहे. ती त्याखाली लाल रेघ मारते आणि मी ते वाक्य पुन्हा लिहितो.